प्रेक्षक कोणाला म्हणायचे?

आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, मुसलमानांच्या देशांत बायकांना खेळ बघायलासुद्धा बंदी असते. मग त्यांच्या समाजात सुधारणा व्हायची कशी?" प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यातला 'त्यांच्या' हा शब्द मला टोचला. ज्याच्या आजोबाला गावच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्या पोराच्या तोंडी तो शब्द इतक्या सहज यावा! मी त्या वेळी धर्म, पुरुषसत्ता, राज्यसंस्था असे तीनचार जड शब्द वापरून वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पोकळ होते. त्यानंतर या विषयावर जे संशोधन झाले आहे ते मिळेल तसे वाचीत गेलो. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की, 'मुस्लिम समाज' असा एकसंध समाज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्कील हिने १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिचा देश रस्त्यावर येऊन नाचला. अल्जीरियाच्या हसीबा बूलमेर्का हिने १९९२ मध्ये पंधराशे मीटर जिंकली, तेव्हा तिला उघड्या पायांनी धावते म्हणून धर्मांधांच्या धमक्या येत होत्या. दोघी मुसलमान, दोघी शेजारच्या देशांतल्या, आणि अनुभव असे वेगळे. म्हणून सरसकट बोलण्यापेक्षा मी एकच देश घेतो. इराण. कारण तेथे 'प्रेक्षक कोण' हाच प्रश्न चाळीस वर्षे लढला गेला आहे, आणि त्यावर चांगले लेखनही झाले आहे.

'पैलवान' हा आपल्या तालमीतला शब्द मुळात फार्सी आहे. आपण जोर मारतो त्यातला 'जोर'ही तिकडचाच. इराणात व्यायामाच्या जुन्या जागेला जोरखानाच म्हणतात. मधोमध खोल अष्टकोनी हौद, त्यात लाकडी मुद्गल फिरविणारे पुरुष, वर ढोल वाजवून काव्य म्हणणारा मुर्शद, आणि हजरत अलीचे स्मरण. बाईला तेथे जागा नव्हती. या जोरखान्याने 'जवाँमर्दी'चा एक आदर्श घडविला : अंगात ताकद, वागण्यात नम्रता, दुबळ्याचा कैवार. घुलामरझा तख्ती हा मल्ल त्याचा पुतळाच मानला जातो. १९५६ मध्ये मेलबर्नला त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. १९६२ च्या भूकंपानंतर तो तेहरानच्या रस्त्यांवर झोळी घेऊन फिरला आणि लोकांनी ती भरून दिली. १९६८ मध्ये तो एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. सरकारने आत्महत्या सांगितली, शहाच्या राज्यात कोणी ती मानली नाही. खेळाडूवर जीव लावणे आणि राजसत्तेवर अविश्वास असणे या दोन गोष्टी इराणात अशा जुन्या काळापासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

फुटबॉल मात्र बाहेरून आला. तेलकंपनीचे इंग्रज नोकर, मिशनऱ्यांच्या शाळा, लष्कर, या वाटांनी. इतिहासकार हूशंग शहाबी यांनी २००२ मध्ये इराणी फुटबॉलच्या राजकीय इतिहासावर जो निबंध लिहिला, तो या विषयाचा पाया म्हणावा असा आहे. पहलवी राजांना फुटबॉल हे आधुनिकतेचे साधन वाटले. १९७४ च्या आशियाई खेळांसाठी तेहरानला लाखभर प्रेक्षकांचे भव्य मैदान उभे राहिले आणि त्याला शहाची पदवीच नाव म्हणून दिली : आर्यमेहर. १९७९ च्या क्रांतीनंतर त्या मैदानाचे नाव झाले 'आझादी'. 'ताज' नावाचा क्लब होता, त्याचे झाले 'इस्तेकलाल', म्हणजे स्वातंत्र्य. नावे बदलणे हे सत्तेचे सर्वांत स्वस्त काम असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

क्रांतीपूर्वी बायका मैदानात बसून सामने पाहात. स्त्रियांचे फुटबॉल संघही १९७० नंतर निघाले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दार बंद झाले. कसे? येथे माझी पहिली समजूत चुकली. मला वाटले होते, शरियतच्या आधाराने कायदा झाला असेल. तसा लिखित कायदा नाही. बंदी होती ती तोंडी, पोलिसी, अंगवळणी पडलेली. कारणेही वेळोवेळी वेगळी सांगितली गेली. कधी म्हणाले, खेळाडूंचे उघडे पाय परक्या स्त्रीने पाहू नयेत. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द खोमेनींनीच सामने दूरदर्शनवर दाखवायला मोकळीक दिली होती. तेच पाय घराघरात दिसत होते. मग म्हणाले, मैदानात पुरुष फार अर्वाच्य शिव्या देतात, तेथे बायकांच्या अब्रूचे काय? शिवी पुरुषाने द्यायची आणि बाहेर बाईने राहायचे! विटाळ करणारा मोकळा आणि ज्याला विटाळ होईल म्हणतात तो कोंडलेला, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

२००१ च्या नोव्हेंबरात आयर्लंडशी विश्वचषकाच्या प्रवेशासाठी सामना झाला. आयर्लंडहून आलेल्या बायकांना डोक्यावर रुमाल बांधून आझादीत बसू दिले. बहुधा त्यांना फार्सी शिव्या कळणार नाहीत म्हणून! इराणी बायका फाटकाबाहेर. आणखी एक पाहा. व्हॉलीबॉलचे सामने बायका २०१२ पर्यंत आत बसून पाहात होत्या, ती बंदी त्यानंतर आली. म्हणजे जी गोष्ट परंपरा म्हणून पुढे केली जाते ती पुष्कळदा काल-परवाची असते. आपल्या मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यात हेच झाले. मजारीपर्यंत बायका जात होत्या. २०१२ च्या सुमारास त्यांना अडविले, आणि अडविल्यावर ती रीत पुरातन झाली! भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या स्त्रिया उच्च न्यायालयात गेल्या, २०१६ मध्ये निकाल मिळाला आणि त्या पुन्हा आत गेल्या. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही उघडावा लागला. 'त्यांच्या' आणि 'आपल्या' यांत किती अंतर आहे ते माझ्या विद्यार्थ्याने येथे मोजून पाहावे.

आता बायकांनी काय केले ते सांगतो. २९ नोव्हेंबर १९९७ रोजी मेलबर्नला इराणने दोन गोल मागे असताना ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी साधली आणि विश्वचषकात प्रवेश मिळविला. तेहरानचे रस्ते भरून गेले, बायका-पुरुष एकत्र नाचले. संघ परत आला तेव्हा आझादीत सत्कार ठरला. बायकांनी घरी बसून दूरदर्शनवर पाहावे असे सरकारी आवाहन झाले. तरी काही हजार बायका आत गेल्याच. कोणी पुढारी नव्हता, पक्ष नव्हता, पत्रक नव्हते. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. चळवळीच्या आधी गर्दी असते, आणि गर्दीच्या आधी आनंद असू शकतो, हे आपण कार्यकर्ते विसरतो.

पुढे २००५ च्या आसपास पांढरे रुमाल बांधून फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायकांचा गट तयार झाला. 'आझादी' हे मैदानाचे नाव आणि स्वातंत्र्याला शब्दही तोच. अर्ध्या आझादीवर आमचा हक्क आहे, अशी त्यांची मागणी होती आणि तिचे दोन्ही अर्थ सर्वांना कळत होते. त्याच वर्षी जूनमध्ये बहारीनविरुद्धच्या सामन्याला त्यांतल्या काही आत शिरल्या. त्याच सामन्याच्या पार्श्वभूमीवर जाफर पनाही यांनी 'ऑफसाइड' हा चित्रपट केला, तो २००६ मध्ये जगभर गेला आणि स्वतःच्या देशात अडविला गेला. त्यात पुरुषाचा वेष घेतलेल्या मुली पकडून मैदानाच्या मागच्या बाजूला कोंडल्या आहेत. त्यांच्यावर पहारा करणारा शिपाई खेड्यातून सक्तीच्या लष्करी चाकरीवर आलेला पोरगा आहे, त्याचे मन घरच्या गुराढोरांत. दारावरचा पहारेकरी हा बहुधा दाराच्या मालकाचा मुलगा नसतो. हे त्या चित्रपटाने जेवढे नेमके दाखविले तेवढे कोणत्याही प्रबंधाने दाखविलेले मला आठवत नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष अहमदीनेजाद यांनीच बायकांना प्रवेश देण्याचे जाहीर केले. होय, तेच अहमदीनेजाद, ज्यांना बाहेरचे जग केवळ कट्टर म्हणून ओळखते. बायका आल्या तर मैदानावरचे वातावरण सभ्य होईल, असे ते म्हणत होते. धर्मगुरूंनी ओरड केली, सर्वोच्च नेते खामेनी यांनी महिन्याभरात निर्णय फिरविला. समाजशास्त्रज्ञ नाझनीन शाहरोखनी यांनी इराणातल्या लिंगभेदी जागांवर २०२० मध्ये एक पुस्तक काढले आहे. तेहरानच्या बसमधला बायकांचा भाग, बायकांसाठी बांधलेले बंदिस्त उद्यान आणि फुटबॉलचे मैदान अशा तीन जागा त्यांनी अभ्यासल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : राज्यसंस्था ही एक अखंड भिंत नसते. तिला एकीकडे धर्मगुरू सांभाळायचे असतात, दुसरीकडे मतदार, तिसरीकडे फिफासारखी जागतिक संघटना. म्हणून ती कधी मनाई करते, कधी 'तुमच्यासाठी वेगळी सोय केली आहे' असे म्हणते. मनाईकडून सोयीकडे जाणे हीही सत्ता चालविण्याचीच रीत आहे.

येथे थोडे थांबायला हवे. वेगळी सोय ही नेहमी केवळ फसवणूक असते, असे मी म्हणणार नाही. क्रांतीनंतरच्या बंधनांतच कर्मठ घरांतल्या असंख्य मुलींना विद्यापीठात पाठविले गेले, कारण बापाला आता तेथे 'सुरक्षित' वाटू लागले. १९९३ मध्ये फाएझे हाशमी यांनी तेहरानला मुस्लिम स्त्रियांचे क्रीडासामने भरविले. पुरुष प्रेक्षकांना मज्जाव, त्यामुळे मुली मोकळ्या कपड्यांत धावल्या, पोहल्या. ते सामने २००५ पर्यंत आणखी तीनदा झाले. पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांपैकी पुष्कळांना हे पटत नाही. लीला अबू-लुघोद या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात, मुसलमान बायकांना 'वाचवायला' निघालेल्यांना चांगलेच प्रश्न विचारले आहेत. वाचविणाऱ्याला वाचविल्या जाणाऱ्याचे म्हणणे ऐकायला सहसा वेळ नसतो. हरिजनोद्धाराचा अनुभव गाठीशी असलेल्यांना हे लवकर उमजावे.

याचे उत्तम उदाहरण फिफानेच दिले. २०११ च्या जूनमध्ये जॉर्डनमधल्या अम्मान येथे इराणचा स्त्रियांचा संघ ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यासाठी मैदानात उतरला. डोक्याला घट्ट बसणारे वस्त्र होते. अधिकाऱ्यांनी सामनाच होऊ दिला नाही, गळ्याला फास बसण्याचा धोका आहे म्हणून! मुली मैदानात रडल्या. हा नियम पुरता उठायला २०१४ साल उजाडले. म्हणजे मायदेशात पुरुषांचा सामना पाहायला गेली तर बाई म्हणून बाहेर, आणि परदेशात स्वतः खेळायला उतरली तर रुमालवाली म्हणून बाहेर. दोन्ही दारांवरचे पहारेकरी तिच्याच भल्याची भाषा बोलत होते.

आता निष्ठेविषयी. क्लबावरची निष्ठा हा संशोधकांचा आवडीचा विषय आहे, पण त्यांतले बरेच लेखन पुरुषांवरच आहे. तेहरानमध्ये लाल पर्सेपोलिस आणि निळा इस्तेकलाल अशी शहराची वाटणी आहे. तब्रीझचा 'ट्रॅक्टर' हा क्लब मुळात ट्रॅक्टरच्या कारखान्याचा, पण त्याच्या प्रेक्षकांत अझरी तुर्कांची अस्मिता बोलते. जी भाषा शाळेत शिकविली जात नाही ती मैदानात घोषणा बनून येते. इजिप्तमध्ये अल अहलीचे कट्टर पाठीराखे २०११ च्या उठावात तहरीर चौकात पोलिसांशी लढले, कारण मैदानावर पोलिसांचा मार खाण्याची आणि परतविण्याची त्यांना सवय झाली होती. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या मैदानात सत्तरांहून अधिक माणसे मेली. कार्ल रोमेल यांनी इजिप्तच्या या फुटबॉलवेडावर २०२१ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात पुरुषीपण कसे घडते आणि मोडते याची बारकाईने चर्चा आहे. चळवळीच्या माणसाने तो वाचावा. पण त्या धैर्याच्या कथांत बाई दिसते ती क्वचितच.

तुर्कस्तानने तर यावर कळस केला. २०११ मध्ये फेनरबाहचे क्लबाच्या प्रेक्षकांनी दंगा केला, शिक्षा झाली की पुढचे सामने प्रेक्षकांविना खेळा. मग तोड निघाली : पुरुषांना बंदी, बायकांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट प्रवेश. २० सप्टेंबरला चाळीस हजारांहून अधिक बायका-मुले आली, गाणी म्हटली, क्लबाचे झेंडे फडकविले. जगभर कौतुक झाले. पण जरा हिशेब मांडून पाहा. शिक्षा होती 'प्रेक्षक नकोत' ही, आणि ती बायका बसवून पुरी झाली! चाळीस हजार बायका आल्या तरी सरकारी दप्तरी प्रेक्षक कोणी आलेच नाही. बेशिक्ताश क्लबाच्या बायकांनी मात्र वेगळी वाट काढली. इतिर एरहार्ट यांनी त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला आहे. या बायकांनी गट करून मैदानात आपली जागा धरली, आईबहिणीवरून घोषणा देणाऱ्या पुरुषांना तेथल्या तेथे हटकले. आम्ही कोणाच्या बायका-बहिणी म्हणून आलो नाही, क्लबाच्या म्हणून आलो, हा त्यांचा पवित्रा होता.

इराणात ही निष्ठा फार महाग पडली. सहर खोदायारी ही इस्तेकलालची पाठीराखी. २०१९ च्या मार्चमध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या अल ऐन संघाविरुद्धचा सामना पाहायला ती पुरुषी वेषात आझादीकडे गेली आणि पकडली गेली. सप्टेंबरात न्यायालयाच्या दारात तिने स्वतःला पेटवून घेतले, ९ सप्टेंबरला ती गेली. वय २९. लोक तिला 'निळी मुलगी' म्हणू लागले. तिच्या मरणाचे काव्य करू नये असे मला वाटते. तिला मरायचे नव्हते, सामना पाहायचा होता.

महिन्याभरात, १० ऑक्टोबर २०१९ ला, फिफाच्या दडपणामुळे सुमारे साडेतीन हजार बायकांना तिकिटे मिळाली. कंबोडियावर इराणने १४ गोल केले. बायकांचा भाग जाळीने वेगळा केलेला, आत बायका पोलीस, आणि भोवतीचे अवाढव्य मैदान बरेचसे रिकामे. मैदान रिकामे, तरी जागा बेताची! त्या बायकांनी नव्वद मिनिटे घसा बसेपर्यंत ओरडून घेतले. वाचताना मला महाडचा तलाव आठवत राहिला. १९२७ साली तेथे जमलेले लोक तहानेने आले नव्हते, आणि त्यांच्यासाठी वेगळा हौद बांधून दिला असता तर प्रश्न सुटला नसता. तुलना येथेच थांबवतो. जातीचा विटाळ आणि बाईवरचा पहारा हे एकच नाहीत. इराणी बाई घरात सर्वांबरोबर जेवते, तिच्या सावलीने कोणी बाटत नाही. पण जाळीआडची ती जागा पाहून त्या बायका जितक्या हसल्या तितक्या चिडल्याही असतील, हे समजायला आपल्याला भाषांतर लागत नाही.

२९ मार्च २०२२ ला मशहदला लेबनॉनविरुद्ध सामना होता. बायकांना तिकिटे विकली होती. तिकिटे हातात असलेल्या बायकांना फाटक बंद करून बाहेर ठेवले आणि त्यांच्यावर तिखट फवारा मारला. त्याच ऑगस्टमध्ये तेहरानला लीगच्या सामन्याला शेकडो बायका सोडल्या. म्हणजे एका शहरात दार उघडे, दुसऱ्यात बंद. सप्टेंबरात महसा अमिनी हिचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि सारा देश पेटला. नोव्हेंबरात विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात इराणचे खेळाडू राष्ट्रगीत सुरू असता ओठ मिटून उभे राहिले. दाराबाहेर ठेवलेल्या बायकांचा प्रश्न त्या दिवशी मैदानाच्या मधोमध आला होता.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने विचारले, "सर, जो क्लब दारात उभे करीत नाही त्याच्यावर त्या एवढा जीव का लावतात?" मी त्याला पाळवणकर बाळूची गोष्ट सांगितली. पुण्यातल्या हिंदू क्लबाने चांभाराच्या या पोराला गोलंदाजीसाठी घेतले, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. तो चहा पिऊन बाळू पुन्हा मैदानात जाई आणि त्याच क्लबासाठी बळी घेई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तेव्हा अस्पृश्य वस्त्यांना तो आपला पहिला नायक वाटला. क्लब त्यांना आपले मानीत नव्हता. त्यांनी बाळूला आणि त्याच्यामुळे त्या खेळालाच आपले मानले.

विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ते बघायला आपल्या बायका गेल्या असतील?" सध्या तो वहीपेन्सिल घेऊन आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना एकच गोष्ट विचारीत फिरतो आहे : जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही कोठून पाहात होता? पहिल्या बाईने सांगितले, माळवदावरून, तेही नवरा फडात गेल्यावर.